सर्वानुमते

सहा वर्षं मी लोकांना त्यांची ओळख विचारत आले. पूर्ण नाव, गाव, नोकरी, घरात माणसं किती. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे पंपाच्या खोलीला लागून जी मीटरच्या पेट्यांची खोली आहे तिथे, टेबलाच्या आतल्या बाजूला बसून. आता एकदा माझी ओळख देते.

मी बी.कॉम. आहे. सेकंड क्लास. सकाळचं कॉलेज आणि दुपारी नोकरी, असं करून झालेली. माझ्या आधी आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील सातवी, आई सहीपुरती. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मिस्टर म्हणतात, तू भाजीवाल्यालासुद्धा सांगशील. सांगेन. ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकील आणि डॉक्टर आहेत त्यांना सांगावं लागत नाही, मला लागतं. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. देव्हाऱ्याच्या वर नाही, पण फार खालीही नाही.

मतंही सांगते, कारण आजकाल ओळख म्हणजे तीच. बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळी सातला कुणाचं तरी भाषण येतं, साडेसातला त्याला उत्तर येतं, आणि आठला कुणीतरी विचारतं, वहिनी, तुम्ही कुणाकडच्या? कुणाकडचीच नाही म्हटलं तर दोन्हीकडचे रागावतात. मतदान मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही. पण मी त्याच शाळेच्या त्याच खोलीत जाऊन बटण दाबत राहिले आणि मी निवडून दिलेला माणूस तीन झेंड्यांखालून फिरून परत माझ्याच दारात हात जोडून उभा राहिला. त्यानंतर मी भाषणं ऐकणं सोडलं. मराठी मुंबईत बोललीच पाहिजे असं माझं मत आहे, बँकेत, दुकानात मी मराठीतच सुरुवात करते. मात्र भाषेवरून कुणाच्या कानाखाली वाजवायची हे मला पटत नाही. आणि जात मी मानत नाही. हे शेवटचं वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले. त्याच वाक्यापाशी अडले, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. त्याच्या आधी घाटकोपरला भाड्याने घर बघायला गेलो होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. तिथल्या कमिटीत एका गृहस्थांनी विचारलं, मासे खाता का? मी म्हटलं, खातो, बुधवार, शुक्रवार, रविवार. मिस्टरांनी टेबलाखालून पाय दाबला. घर गेलं. ही गोष्ट मी शंभर वेळा तरी सांगितली असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्यांच्या घरी अशी एक गोष्ट आहे. मराठी माणसाला घर नाकारल्याची बातमी कुठून आली की ग्रुपवर दिवसभर तेच. मीसुद्धा त्यात माझी घाटकोपरची गोष्ट टाकते.

सेक्रेटरी मी झाले ते अक्षरामुळे. आधीचे सेक्रेटरी गावी गेले तेव्हा चेअरमन म्हणाले, वही हिच्याकडे द्या, ग्रॅज्युएट आहे, हिशेबी लिहील. चेअरमन आमच्या सिंधुदुर्गाचेच, माझ्या माहेरच्या तालुक्याचे. वयाने वडिलांसारखे. मी त्यांना काका म्हणते, आणि आजूबाजूला माणसं कमी असली की ते माझ्याशी मालवणीत बोलतात. मला वही मिळाल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

वही म्हणजे सभेच्या मिनिट्सची. त्यात लिहायची एक पद्धत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पहिल्याच वर्षी पार्किंगवरून दोन सभासद एकमेकांच्या अंगावर गेले होते, एकाचा चष्मा तुटला. मी विचारलं, हे कसं लिहू? काका म्हणाले, सर्वानुमते लिही. उद्या वरून कुणी तपासायला आलं तर त्याला आपली भांडणं दिसता कामा नयेत. मी लिहिलं. मग दर वेळी लिहीत गेले. सहा वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचंही कशाबद्दलही वेगळं मत पडलेलं नाही, वही काढून बघा. पुढे पुढे तर सभा चालू असतानाच हाताने तो शब्द लिहून ठेवलेला असायचा.

दुसरी पद्धत मुलाखतीची. कुणी फ्लॅट भाड्याने दिला की भाडेकरूला रविवारी सकाळी कमिटीसमोर बोलवायचं. कमिटी पाच जणांची, येतो तिघंच, चेअरमन, खजिनदार आणि मी. सोसायटीचे उपविधी आमच्यात मी एकटीनेच वाचलेत. मालकाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मुलाखत घ्या असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ही चाल आपण लावून घेतली आणि आजूबाजूच्या सगळ्याच बिल्डिंगांनी लावून घेतली, म्हणून ती नियमासारखी दिसते. हे मला माहीत होतं, तरी दर रविवारी साडेदहाला मी खाली जाऊन बसायचे.

गेल्या शिमग्यानंतरच्या एका रविवारी एक मुलगी आणि तिची आई आली. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मालक नाशिकला मुलाकडे राहतात, त्यांनी पाठवलेली. मुलगी अठ्ठावीस-तीसची. ती आधी राहत होती ती बिल्डिंग पाडायला निघाली होती, महिनाअखेर खोली सोडायची होती. खुर्ची ओढून तिने आधी आईला बसवलं, मग स्वतःच बोलायला लागली.

"मी लॅब टेक्निशियन आहे, इथेच, स्टेशनच्या पलीकडे. बी.एस्सी. झालेय. आमच्या घरातली पहिली."

मी वहीतून मान वर केली. ते माझं वाक्य होतं. मी जसं म्हणते तसंच, शेवटी आवाज जरा खाली आणून.

काकांनी पूर्ण नाव विचारलं. तिने नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. आपल्याकडे काही आडनावं तीन-चार जातींत चालतात, त्यातलं ते होतं. त्यामुळे काकांना पुढे जावं लागलं. गाव कुठलं? जालन्याच्या पुढे. गावात घर कुठल्या बाजूला? मुलुंडच्या फ्लॅटसाठी जालन्याच्या गावातली बाजू कशाला लागते, हे मी विचारायला हवं होतं. मुलीने नुसतं बघितलं. आईने उत्तर दिलं, खालच्या अंगाला, ओढ्यापाशी.

मग खजिनदारांनी पाहुण्यांचं विचारलं. म्हणजे माणसांची ये-जा किती असेल वगैरे. आई तोवर अवघडून बसली होती, पण या प्रश्नावर तिचा चेहरा खुलला. अंगणवाडीत मदतनीस होती ती आयुष्यभर, माणसांचं विचारलं की खुलणारी बाई.

"येतात की," ती म्हणाली. "सहा डिसेंबरला येतात गावाकडची, दादरला अभिवादनाला. दोन दिस राहतात. समद्यांच्या भाकऱ्या मी करते. आवाज नसतो हो कशाचा."

मुलीने आईच्या मनगटावर हात ठेवला. शेजारच्या खोलीत पंप चालू झाला. काकांनी पेनाला टोपण लावलं. मुलाखत संपली की ते टोपण लावतात. कळवतो, म्हणाले.

त्या दोघी गेल्यावर कुणीही जात काढली नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये जात कुणी काढत नाही. खजिनदार म्हणाले, माणसांची वर्दळ होईल. काका म्हणाले, पाणी आधीच कमी पडतंय. काकांच्या मुलाच्या लग्नाला चार दिवस गावची माणसं गच्चीवर झोपली होती. चटया मी दिल्या होत्या. तेव्हा पाणी पुरलं होतं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि मी गप्प बसले.

का, ते सांगते. मोठं काही कारण नाही. मी दमले होते. आठवडाभर ऑफिस, घरी बांगडे साफ करायचे पडलेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसातला घर सोडायचं. आणि समोर काका. मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर दोन दिवस बसून राहिलेला माणूस. त्याच्याशी रविवारी सकाळी वाद घालायचा म्हणजे उभ्याने सगळं घर उपसायचं. मी वही पुढे ओढली. सदर अर्जाचा विचार करण्यात आला व तो सर्वानुमते नामंजूर करण्यात आला. खाली तिघांच्या सह्या. माझं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी कागदपत्रं परत न्यायला आली. आधारच्या कॉप्या, दोघींचे फोटो. मी गेटपर्यंत घेऊन गेले. तिने पाकीट उघडून फोटो मोजून बघितले, लॅबमधली सवय असावी, आणि विचारलं, "मॅडम, सगळ्यांचंच असं मत होतं?"

मी म्हटलं, कमिटीचं मत होतं.

"म्हणजे तुमचंपण."

टोमणा नव्हता त्यात. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं म्हणाली. मग तिने सांगितलं की आईने मनाला लावून घेतलंय. सहा डिसेंबरचं मी बोलायला नको होतं, माझ्या तोंडामुळे तुझं घर गेलं, असं जेवताना दर वेळी काढते. घास खाली ठेवते. मी तिला सांगितलंय की तसं काही नाही, मुलगी म्हणाली. "तसं काही नाही ना, मॅडम?"

मी म्हटलं, नाही गं, पाण्याचा प्रॉब्लेम आहे आमच्याकडे.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, तुला पटलं नव्हतं तर सही का केलीस? मी म्हटलं, सगळ्यांनी केली. ते म्हणाले, सगळ्यांनी म्हणजे तिघांनी. पुन्हा पेपरात गेले.

त्या महिन्यात मला वडिलांची फार आठवण आली. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, त्यांच्या आधी आजोबाही तिथेच. गिरणी बंद झाल्यावर वडिलांनी साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या दारात वॉचमनची खुर्ची धरली आणि त्या खुर्चीवरून मला शिकवलं. ते एकदा आजोबांच्या वेळचं सांगत होते. साच्यावर, म्हणजे मागावर, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. म्हणून त्या खात्यात खालच्या वस्तीतली माणसं घेत नसत, बाकीचे त्याच धोट्याला तोंड लावणार नाहीत म्हणून. आणि पगार सगळ्यात बरा साचेखात्यातच. वडिलांनी हे पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं होतं. मीही तसंच ऐकलं.

कॉलेजात फी भरायच्या रांगेत काही मुलींना सवलतीचा फॉर्म असायचा. त्यांच्यासमोर मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, आम्हाला बाई कुणी काही दिलं नाही. आरक्षणाबद्दल माझं मत बरीच वर्षं त्याच रांगेतलं होतं. दिलं होतं ना. माझ्या आजोबांना साचेखातं दिलं होतं, दुसऱ्या कुणालातरी दाराबाहेर ठेवून. त्या पगारावर खोली झाली, खोलीमुळे वडील मुंबईत टिकले, वडील टिकले म्हणून माझं बी.कॉम. झालं. डिग्रीचा मला अजूनही अभिमान आहे. अभ्यास मीच केला, पहाटे उठून. पण कुणी काही दिलं नाही, हे वाक्य मी आता म्हणत नाही.

पुढची सभा महिन्याने झाली. प्रत्येक सभेत पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचते आणि कुणीही ऐकत नाही. त्या वेळात चहा येतो, बटाटेवडे येतात, काका चटणी वाटतात. त्या दिवशी मी ठराव क्रमांक चारवर आले, वाचला, आणि थांबले.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "सर्वानुमते नव्हतं हे."

खजिनदारांनी वडा खाली ठेवला. कोण विरोधात होतं, विचारलं. मी, म्हटलं.

"तुम्ही तर काही बोलला नाहीत, वहिनी."

"नाही बोलले. तेपण लिहिते."

काकांना वाटलं मी कशावरून तरी रुसलेय. ते मालवणीत शिरले. जांवदे गो, म्हणाले, कित्याक उगीच? त्यांनी घर दुसरीकडे घेतला आसतला. मी म्हटलं, घेतलं असेल काका, वही तर आपल्याकडेच आहे. वहीत खाडाखोड करायची नसते, दुरुस्ती नव्या सभेत लिहायची असते. मी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की चोरून लिहिलं. मागील सभेतील ठराव क्रमांक चार सर्वानुमते नव्हता. सचिव त्या वेळी गप्प राहिल्या. त्यांचा या ठरावास विरोध आहे. अर्जदार व त्यांच्या आई यांनी सर्व प्रश्नांची खरी उत्तरे दिली, त्यात गैर काहीही नव्हते.

खजिनदार म्हणाले, असलं कुणी मिनिट्समध्ये लिहितं का. काकांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे मी जातीवादी, असा तुका म्हणूचा हा?"

"मी तसं लिहिलेलं नाही, काका."

"वाचणारो तसाच वाचतलो."

वाचणारा तसंच वाचणार होता आणि ते चूक ठरलं नसतं. या माणसाने माझ्या मिस्टरांसाठी बाकड्यावर दोन दिवस काढले होते, तेही खरं आणि हेही खरं. दोन्ही एकाच माणसाचं आहे याचा मला कंटाळा आला होता, राग नव्हता. काकांनी टोपण काढून सही केली. वही माझ्याकडे न देता टेबलावर मध्ये ठेवली आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून वही दुसऱ्या कुणाकडेतरी द्या. हे त्यांनी मराठीत म्हटलं, आमच्या मालवणीत नाही. ते मला जास्त लागलं.

घरी आल्यावर मी नाशिकच्या मालकांना फोन केला. सांगितलं की परवानगीची गरजच नव्हती, नुसतं कळवलं तरी चाललं असतं. ते म्हणाले, मॅडम, मला बिल्डिंगमध्ये वाद नकोत. फ्लॅट तेव्हाही रिकामाच होता.

मग मुलीला लावला. ती म्हणाली, घर मिळालं, कळव्याच्या पुढे. लॅबला यायला दीड तास लागतो, पण पाणी चोवीस तास आहे. तिने हे अगदी सरळ सांगितलं की मुद्दाम, मला कळलं नाही. मी विचारलं, आई आहे का जवळ? वहीत एक दुरुस्ती लिहिलीय, ती त्यांना वाचून दाखवायची आहे. आई सोसायटीची सभासद नाही, तिला मिनिट्स दाखवायचा नियम नाही. मी वाचण्याआधी हेही सांगून टाकलं, सहा वर्षांची सवय.

तिने फोन स्पीकरवर टाकला. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला. मी पानाचा फोटो काढून आणला होता, त्यावरून वाचलं, चारही वाक्यं, न थांबता.

आईचा आवाज आला. "तुमी तवाच का नाही बोललात, ताई?"

मी म्हटलं, गप्प राहिले. तेही लिहिलंय त्यात.

"हां, ते ऐकलं मी."

मुलगी मागून काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी फोन ठेवायच्या बेतात होते. माफी मागावी असं मनात होतं, पण माफीसुद्धा त्या बाईलाच उचलून ठेवावी लागली असती.

"ते माझं आहे ना शेवटचं," आई म्हणाली, "आईनं खरी उत्तरं दिली ते. तेवढं परत वाचा की."

मी चष्मा पुसला आणि तेवढं परत वाचलं.